वाचकांचे प्रश्न : नेताजींना नेणाऱ्या पाणबुडीचे पुढे काय झाले?

प्रश्न : दरवर्षी तेवीस जानेवारीला आमच्या शाळेत नेताजींवर भाषणे होतात. नेताजी जर्मनीहून पाणबुडीने जपानला गेले, हे वाक्य प्रत्येक भाषणात असते. परंतु ती पाणबुडी कोणती, ती एकच होती की दोन, आणि नेताजींना उतरवून दिल्यानंतर तिचे काय झाले, असे मुलांनी विचारले की आम्हां शिक्षकांची पंचाईत होते. ती तीन महिने पाण्याखालीच होती, असेही यंदा एका विद्यार्थ्याने ठासून सांगितले. कृपया सविस्तर खुलासा करावा. (एक शिक्षक, उदगीर, जि. लातूर)

उत्तर : पाणबुड्या दोन होत्या आणि त्यांपैकी एकही नेताजींना घेऊन जपानपर्यंत गेली नाही. जर्मनीतील कील बंदरापासून मादागास्कर बेटाच्या आग्नेयेकडील समुद्रापर्यंतचा टप्पा त्यांनी यू-१८० या जर्मन पाणबुडीतून पार केला. तेथे भर समुद्रात ते आय-२९ या जपानी पाणबुडीवर चढले, तिने त्यांना सुमात्राच्या उत्तर टोकाजवळील साबांग बेटावर उतरवले आणि तेथून टोकियोपर्यंतचा प्रवास विमानाने झाला. भाषणातील वाक्य खोटे नाही, पण फार सैल आहे.

आता यू-१८० विषयी. ही पाणबुडी ब्रेमेन येथील ‘आ. गे. वेझर’ या गोदीत बांधली गेली. १० डिसेंबर १९४१ रोजी तिचे जलावतरण झाले, १६ मे १९४२ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि तिचे नेतृत्व वेर्नर मुसेनबेर्ग या अधिकाऱ्याकडे आले. लांबी सुमारे ८८ मीटर, पृष्ठभागावरील विस्थापन (नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) सुमारे १,६०० टन, म्हणजे अटलांटिकमध्ये झुंडीने शिकार करणाऱ्या नेहमीच्या जर्मन पाणबुड्यांपेक्षा ती बरीच मोठी होती. ती ज्या उपप्रकारातील होती, त्या ‘नऊ-डी-एक’ प्रकाराच्या सबंध युद्धात दोनच नौका झाल्या, एक यू-१८० आणि दुसरी तिची बहीण यू-१९५. प्रकार दोनांवरच का थांबला, याचे उत्तर तिच्या इंजिनघरात होते आणि तिची पुढची सारी कहाणीही तेथूनच ठरली.

वेगवान पाणतीर-नौकांसाठी (टॉर्पेडो-नौकांसाठी) मर्सिडीज-बेन्झने वीस सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन तयार केले होते. किनाऱ्याजवळ रात्री बाहेर पडायचे, काही तास भरधाव धावायचे आणि परत यायचे, हे त्या नौकांचे काम. तशी सहा इंजिने या पाणबुडीत बसवण्यात आली. कागदावर हिशेब झकास होता, कारण पृष्ठभागावर वीस नॉटांहून (ताशी सुमारे सदतीस किलोमीटरांहून) अधिक वेग मिळणार होता आणि तो त्या काळच्या पाणबुडीसाठी फारच चांगला होता. प्रत्यक्षात काही तासांच्या धावेसाठी घडवलेली इंजिने महिनोन्‌महिने चालवायची होती. ती सतत कुरकुरत, अंगभूत उष्णतेने इंजिनघर भाजून काढत आणि दाट धूर ओकत. पाणबुडीचा सगळा जीव लपण्यात असतो. क्षितिजावरून दिसेल असा धूर सोडणारी पाणबुडी म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता शत्रूला स्वतःच कळवणारी पाणबुडी. युद्धकाळातील जर्मन तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडे जो भाबडा आदर आहे, त्याला हे उदाहरण चांगला उतारा आहे.

तुमच्या विद्यार्थ्याचा मुद्दा येथेच निकाली काढतो. त्या काळच्या पाणबुड्या महिनोन्‌महिने पाण्याखाली राहूच शकत नसत. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली मिळत नाही. म्हणून पाण्याखाली नौका बॅटऱ्यांवर, विजेच्या मोटारींनी चालते. यू-१८० च्या आकाराची पाणबुडी चार नॉट वेगाने, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याच्या गतीने, शंभर-सव्वाशे सागरी मैल गेली की तिच्या बॅटऱ्या संपत. मग वर येऊन डिझेल चालवायचे आणि बॅटऱ्या भरायच्या, त्यातही शक्यतो रात्री. प्रवासाचा बहुतेक पल्ला अशा नौका पृष्ठभागावरूनच कापत आणि धोका दिसला की बुडी मारत. नेताजींचा प्रवासही याला अपवाद नव्हता.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी यू-१८० कीलहून निघाली. सोबत नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन, एवढेच दोन प्रवासी. इंग्लिश खाडीचा जवळचा मार्ग बंद असल्यामुळे नौका नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे गेली, फारो बेटे आणि आइसलँड यांच्या भागातून वळसा घालून अटलांटिकमध्ये उतरली आणि मग आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत लांबच लांब खाली गेली. ते टोक ओलांडल्यावर १८ एप्रिलला तिने ‘कॉर्बिस’ हे ८,१३२ टनी ब्रिटिश तेलवाहू जहाज पाणतिरांनी बुडवले. जहाजात तेल होते. आगीतून आणि समुद्रातून फार थोडी माणसे वाचली. नेताजींच्या चरित्रांत हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते तो मुलांनाही सांगायला हवा, कारण ज्या नौकेतून नेताजी जात होते ती प्रवासी नौका नव्हती, ती आपले युद्ध लढत होती.

२६ एप्रिल १९४३ रोजी दोन्ही पाणबुड्यांची ठरल्या ठिकाणी गाठ पडली, परंतु समुद्र इतका खवळलेला होता की माणसे लगेच हलवणे शक्य नव्हते. दोन अनोळखी आरमारांच्या या नौका मग एकमेकींच्या शेजारून चालत राहिल्या. लाटा थोड्या निवळल्यावर दोर बांधलेल्या रबरी होडीतून नेताजी आणि आबिद हसन चिंब भिजून आय-२९ वर पोहोचले. दोन वेगवेगळ्या देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात नागरी प्रवाशांची अशी अदलाबदल दुसऱ्या महायुद्धात पुन्हा झाली नाही, असे मानले जाते. त्यांच्या बदल्यात दोन जपानी नौदल अधिकारी, एमी आणि तोमोनागा, जर्मन नौकेवर आले. जर्मनीकडून यंत्रांचे आराखडे आणि नमुने गेले, तर जपानकडून इतर मालाबरोबर सुमारे दोन टन सोने आले.

आय-२९ विषयी एक गोष्ट मराठी वाचकाला माहीत असावी. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी अरबी समुद्रात बुडवले गेले आणि २८० माणसे मेली. त्यांत व्यापारासाठी, नोकरीसाठी पूर्व व दक्षिण आफ्रिकेला निघालेली भारतीय कुटुंबे होती. ते जहाज बुडवणारी पाणबुडी हीच. पाच महिन्यांनी त्याच नौकेवर नेताजींचे आदराने स्वागत झाले. यावरून नेताजींना दोष देण्याचे कारण नाही. परंतु मित्र कोण आणि शत्रू कोण, याचे तेव्हाचे गणित किती अवघड होते, ते एवढ्या एका घटनेतून कळते.

नेताजींना उतरवून यू-१८० परत फिरली. वाटेत ३ जून १९४३ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये तिने ‘बोरिस’ हे ५,१६६ टनी ग्रीक जहाज बुडवले आणि ३ जुलैला ती फ्रान्समधील बोर्दो बंदरात पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै १९४३ रोजी, सिंगापूरच्या कॅथे सभागृहात रासबिहारी बोस यांनी स्वातंत्र्यलढ्याची सूत्रे नेताजींच्या हाती दिली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण फलकावर तारखा लिहिताना मुलांच्या लक्षात राहतील म्हणून सांगतो.

ती सुखरूप परत आली, हेही तेव्हा थोडे नव्हते. ती समुद्रात असतानाच मे १९४३ उजाडला. त्या एका महिन्यात जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या आणि सेनापती डेनिट्झ यांना उत्तर अटलांटिकमधून आपल्या झुंडी मागे घ्याव्या लागल्या. तरीही लढाऊ पाणबुडी म्हणून यू-१८० चा ताळेबंद किरकोळच म्हणावा लागेल : जवळजवळ पाच महिन्यांची एक फेरी, दोन जहाजे, एकूण १३,२९८ टन. त्यानंतर तिने एकही जहाज बुडवले नाही. इतिहासात तिची नोंद राहिली ती तिच्या पाणतिरांमुळे नव्हे, दोन पाहुण्यांमुळे.

प्रश्न : नेताजींना नेल्याचा सूड म्हणून इंग्रजांनी ही पाणबुडी शोधून बुडवली, असे मी एका व्याख्यानात ऐकले. दुसरीकडे ती सुरुंगावर आदळली असे वाचले. यांतले खरे कोणते? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : सुडाची कथा व्याख्यानात टाळ्या मिळवते, पण घटनाक्रमात बसत नाही. नेताजी उतरले एप्रिल १९४३ मध्ये आणि नौका नाहीशी झाली ऑगस्ट १९४४ मध्ये. मधल्या काळात तिचे काम बदलले होते, कप्तान बदलला होता आणि इंजिनेही बदलली होती. शिवाय तिच्यावर हल्ला करून ती बुडवल्याचा दावा मान्य झालेले कोणतेही ब्रिटिश जहाज वा विमान नाही. सूड घेतला असता तर त्याचा गाजावाजा झाला असता.

बोर्दोला परतल्यावर ती धुरकट इंजिने काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी संथ पण भरवशाची नेहमीची डिझेल इंजिने बसली. पाणतीर सोडण्याच्या नळ्याही काढल्या गेल्या. लढाऊ पाणबुडीची मालवाहू पाणबुडी झाली, जिच्यात सुमारे अडीचशे टन माल मावे. जर्मनी आणि जपान यांच्यातील समुद्रावर तोवर दोस्तराष्ट्रांचा असा पहारा बसला होता की साधी मालवाहू जहाजे पोहोचेनाशी झाली होती. रबर, कथील, क्विनीन असा पूर्वेकडचा माल आणायचा तर पाण्याखालून, हाच मार्ग उरला होता. यू-१९५ मध्येही असाच बदल झाला. एप्रिल १९४४ मध्ये रोल्फ रीझन हे यू-१८० चे नवे कप्तान झाले.

ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधील जर्मन सत्ता कोसळू लागली. जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या फौजा आत घुसल्या होत्या, १५ ऑगस्टला दक्षिण किनाऱ्यावर दुसरी आघाडी उघडली आणि बोर्दो सोडून जाण्याची वेळ आली. ज्या पाणबुड्या हलू शकत होत्या त्या घाईने बाहेर काढल्या गेल्या. यू-१८० ही २० ऑगस्टला जपानच्या दिशेने निघाली. बोर्दो समुद्रावर नाही. जिरोंद नदीच्या मुखातून बिस्केच्या उपसागरात यावे लागते आणि त्या मुखाशी ब्रिटिश विमानांनी सुरुंग पेरले होते. तेथून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच ती नाहीशी झाली. बहुतेक नोंदींत २२ किंवा २३ ऑगस्ट ही तारीख मिळते. नौकेवरील ५६ माणसांपैकी एकही वाचला नाही.

सुरुंगाचे अनुमान त्यामुळे साहजिक आहे आणि जुन्या याद्यांत तेच कारण छापलेले असते. पुढे काही अभ्यासकांनी दुसरी शक्यता मांडली, ती ‘श्नॉर्केल’ची. हे एक लांब नळकांडे असते. पाणबुडी पाण्याखाली थोड्याच खोलीवर राहते, नळकांड्याचे टोक तेवढे पाण्यावर असते आणि त्यातून हवा ओढून डिझेल चालवता येते. टोकावर एक झडप असते. लाट आली की झडप मिटते, लाट सरली की उघडते. मिटलेल्या झडपेमागे इंजिन मात्र चालूच असते आणि मग ते नौकेतलीच हवा शोषू लागते, कानांना दडे बसतात, श्वास कोंडतो. झडप अडकली, किंवा धूर बाहेर टाकणारी नळी पाण्याने दबली, तर विषारी वायू आत पसरतो. विहिरीवरच्या खोलीचे दार-खिडक्या लावून आत ऑइल इंजिन सुरू करावे आणि माणसांनी तेथेच बसून राहावे, तशी ही स्थिती. १९४४ च्या उन्हाळ्यात हे यंत्र जर्मन खलाशांना नवे होते आणि बिस्केच्या उपसागरात वर येणे म्हणजे विमानांच्या तोंडी जाणे होते, म्हणून ते वापरल्यावाचून गत्यंतर नव्हते. पाणी खोल असलेल्या भागात नौका नष्ट झाली असेल तर सुरुंगापेक्षा हे कारण अधिक पटते, असा त्या अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो मला वजनदार वाटतो. परंतु कोणतेही कारण सिद्ध झालेले नाही, तेव्हा तुमच्या निबंधात ‘बिस्केच्या उपसागरात बेपत्ता’ एवढेच लिहिणे योग्य होईल.

त्याच सुमारास बोर्दोहून निघालेली यू-१९५ मात्र निभावली. ती डिसेंबर १९४४ मध्ये जाव्यावरील बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोहोचली. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेल्यावर जपान्यांनी ती ताब्यात घेऊन आय-५०६ असे नाव दिले आणि ऑगस्टमध्ये जपानही शरण गेला. सारख्याच घडणीच्या दोन नौका, एकच बंदर, एकच आठवडा, आणि एक तडीस गेली. तेव्हा यू-१८० च्या शेवटामागे कोणाचा मोठा कट होता असे मानण्यापेक्षा त्या उपसागरात तेव्हा नशिबाचा खेळ चालला होता, असे म्हणणे बरे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० माणसांपैकी सुमारे ३०,००० परतले नाहीत.

मादागास्करजवळच्या त्या भेटीतील इतरांचेही येथे सांगून टाकतो. आय-२९ पुढे फ्रान्सपर्यंत जाऊन परतत असताना २६ जुलै १९४४ रोजी, म्हणजे यू-१८० च्या आधी महिनाभर, ‘सॉफिश’ या अमेरिकी पाणबुडीने फिलिपिन्सच्या उत्तरेकडील सामुद्रधुनीत तिला बुडवले. यू-१८० मधून युरोपात गेलेले तोमोनागा १९४५ मध्ये यू-२३४ या दुसऱ्या जर्मन पाणबुडीतून मायदेशी निघाले होते. वाटेतच जर्मनीने शरणागती पत्करली, कप्तानाने अमेरिकनांच्या स्वाधीन होण्याचे ठरवले, आणि तोमोनागांनी व त्यांच्या जपानी सहकाऱ्याने झोपेच्या गोळ्या घेऊन प्राण दिला.

प्रश्न : नेताजींसोबतचे आबिद हसन आपल्या निजामी मुलखातले होते, असे आमचे आजोबा सांगत. हे खरे आहे का? त्यांनी पाणबुडीत खिचडी शिजवली होती, ही गोष्टही खरी का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. आबिद हसन हैदराबादचे. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांचे आणि त्यांचे राजधानीचे गाव एकच. त्यांच्या मातोश्री गांधीजींच्या चळवळीतल्या होत्या. आबिद हसन अभियांत्रिकी शिकायला जर्मनीत गेले आणि तेथे नेताजींना भेटून शिक्षण सोडून त्यांच्या कामात शिरले. ‘जय हिंद’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे ते आझाद हिंद फौजेत अधिकारी होते आणि स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र सेवेत शिरून डेन्मार्कमध्ये भारताचे राजदूत झाले. १९८४ मध्ये ते निधन पावले. नेताजींचा पाणबुडीतला प्रवास आपल्याला आतून कळतो, तो मुख्यतः त्यांच्या आठवणींमुळे. आपल्याकडच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या समारंभांत त्यांचे नाव क्वचितच निघते, याचे मला नवल वाटते.

खिचडीचे म्हणाल, तर त्या आठवणींत डिझेलच्या वासाचा उल्लेख ठळकपणे येतो. अंथरुणाला डिझेलचा वास, कपड्यांना वास, आणि पावालाही असा वास की घास गिळवेना. नेताजी अन्नावर फारसे बोलणारे नव्हते, पण त्यांचे खाणे कमी झालेले आबिद हसन यांच्या नजरेस आले. त्यांनी कोठाराची झडती घेतली, तेव्हा डाळ-तांदूळ हाती लागले. मग खिचडी झाली. नेताजी जेवू लागले, पण ते शेजारच्या जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रह करू लागले, आणि मोजका शिधा असा वाटला जातो हे पाहून आबिद हसन मनातल्या मनात चरफडत राहिले. डाळ-तांदळाचा डबा हाताशी असून पाहुण्याला वाढताना हात आखडणाऱ्या गृहिणीची ही अवस्था मराठवाड्यात समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी आठवण अधिक गंभीर आहे. नेताजी नौकेतही लेखनात गढलेले असत; आपल्या ‘द इंडियन स्ट्रगल’ या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचा मजकूर ते सांगत आणि आबिद हसन लिहून घेत. एकदा पाणबुडी चुकीने बुडी मारण्याऐवजी वर आली आणि शत्रूचे जहाज तिच्यावर चालून आले. नौका कशीबशी खाली गेली, पण जहाजाचा धक्का तिला चाटून गेला. आत सगळे श्वास रोखून उभे असताना नेताजींचे सांगणे चालूच होते, आणि आपण वाक्य दोनदा सांगूनही ते लिहिले गेले नाही, अशी त्यांनी आबिद हसन यांच्याकडे शांतपणे तक्रार केली. ही हकीकत सांगणारा भक्त आहे, हे ध्यानात घेऊनही ती मला खरी वाटते. कौतुक करायचेच असते तर सांगणाऱ्याने स्वतःच्या थरथरणाऱ्या हाताचा कबुलीजबाब दिला नसता.

प्रश्न : यू-१८० किंवा तशी पाणबुडी आज कोठे पाहता येईल? (एक वाचक, परभणी)

उत्तर : यू-१८० चे अवशेष कोठेही मांडलेले नाहीत. कीलजवळ लाबे येथे यू-९९५ समुद्रकाठी ठेवली आहे, ती आकाराने लहान आहे. यू-१८० च्या घराण्यातली, म्हणजे नवव्या प्रकाराची, यू-५०५ अमेरिकेत शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे. जून १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने ती जिवंत पकडली होती. कीलजवळच म्योल्टनोर्ट येथे पाणबुड्यांवर मेलेल्या जर्मन खलाशांचे स्मारक असून त्यावरील ब्राँझच्या पत्र्यांवर नौकेनुसार नावे कोरलेली आहेत.

एवढे लांब जाणे जमणार नसेल तर विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ ही भारतीय नौदलाची निवृत्त पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी खुली आहे आणि नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे जाते. ती सोव्हिएत बनावटीची आहे, पण लांबी सुमारे ९१ मीटर, म्हणजे जवळजवळ यू-१८० इतकीच, आणि डिझेल व बॅटऱ्यांचे तत्त्वही तेच. आत शिरल्यावर पाणतिरांपाशी सगळेच फोटो काढतात. तुम्ही मागच्या इंजिनघरात थोडा वेळ थांबा. तीन इंजिनांच्या मधून माणसाला जायला किती जागा उरते ते पाहा, आणि तेथे सहा असती तर काय झाले असते याचा अंदाज घ्या.